बटाट्यांच्या खाली

मोंबासात त्या काळी रविवारी संध्याकाळी समुद्रावर माणसं ओळखली जायची नाहीत, गाड्या ओळखल्या जायच्या. दीपस्तंभाच्या रस्त्यावर पाण्याकडे तोंड करून गाड्या ओळीनं उभ्या राहायच्या आणि बायकामाणसं कुणी खाली उतरायची नाहीत. सगळा व्यवहार खिडकीतून. शहाळी खिडकीतून, निखाऱ्यावर भाजलेला मोगो, म्हणजे कसाव्याचा कंद, खिडकीतून, मुलींची स्थळंसुद्धा या खिडकीतून त्या खिडकीत बघून पक्की व्हायची. विकणाऱ्यांना आमची नावं ठाऊक नसायची. निळी गाडी म्हणजे मोगोवर तिखट जास्त, लिंबू नको. दार चेपलेली पांढरी गाडी म्हणजे कोवळी शहाळी आणि एक जून, आजोबांसाठी. गाडी थांबली की न विचारता माल यायचा. मुद्दाम विचारलंच तर गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्याला विसरला हा.

मी झांझिबारची. लग्न होऊन मोंबासाला आले तेव्हा मला हे सगळं नवं होतं. आमच्याकडे संध्याकाळी बायका पायी निघतात आणि उभ्यानं उरोजोच्या आंबट रश्शाचे वाडगे पितात. इथे मात्र गाडी नसलेलं घर समुद्रावर जायचंच नाही, आणि आमच्याकडे गाडी नव्हती. होती ती शेगडी.

शेगडी माझ्या सासूची. नाव जेनाबाई, पण सगळी गल्ली तिला जेनामा म्हणायची. सासरे अकाली गेल्यावर तिनं घराच्या ओट्यावर शेगडी मांडली आणि मिश्काकी भाजायला बसली. बाईनं बटाटे तळणं, भजी विकणं लोकांना चालायचं. मांस सळईवर लावून रस्त्यावर भाजणं हे पुरुषांचं काम. आमच्या कच्छी लोकांनी नाकं मुरडली. मग वास आला, आणि तेच लोक ताटल्या घेऊन उभे राहिले. तिच्या शेगडीवर माझा नवरा कासम आणि त्याच्या दोन बहिणी वाढल्या. रमझानच्या महिन्यात तर संध्याकाळच्या, मगरिबच्या बांगेआधीपासून ओट्यापुढे रांग लागायची. त्या एका महिन्यावर आमचं अर्धं वर्ष निघायचं.

घर मात्र आमचं नव्हतं. आम्ही तळमजल्यावर भाड्यानं, आणि वर घरमालक वल्लभदास शेठ. भाटिया, पक्का वैष्णव. घरात कांदा-लसूणसुद्धा चढत नसे. तरी इतकी वर्षं त्यानं शेगडीबद्दल ब्र काढला नव्हता. त्या वर्षी, रमझान तोंडावर आलेला असताना, तो एका सकाळी खाली आला आणि नाकाला रुमाल लावून ओट्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"जेनाबेन, चंद्र दिसायच्या आत ही शेगडी इथून हलवा. नाहीतर घर खाली करा."

जेनामा सळ्या घासत होती. तिनं मान वर केली नाही. "काय झालं शेठ? आज कुणी काही बोललं?"

"माझ्या बानं अन्न सोडलंय. ताटावर बसते, दोन घास खाते, ताट सारते. काटकी झालीय नुसती. डॉक्टर म्हणतो, आजार काही नाही. मग दुसरं काय असणार? तुमचा हा धूर तिच्या पोटात बसलाय."

"इतकी वर्षं धूर वरच जातोय शेठ. तो आत्ताच पोटात बसला?"

"तिचं वय झालं आता. मला माझी आई हवी आहे, जेनाबेन. मी भांडायला नाही आलो."

आणि तो खरंच भांडायला आलेला नव्हता. डोळे लाल झाले होते त्याचे. जेनामानं हातातली सळई खाली ठेवली. दुसरीकडे ओटा मिळणार कुठे? आणि गिऱ्हाईक ओटा बघून येतं, बाई बघून नाही.

गंमत अशी, की त्याच्याच थोडं आधी कासमनं याच शेठकडून त्याची जुनी गाडी घेतली होती. राखी रंगाची, लांबलचक पेजो, मागच्या खिडक्यांना पडदे. शेठनं नवी गाडी घेतली, म्हातारा ड्रायव्हर काझुंगू आपल्या गावी निघून गेला, आणि राखी गाडी अंगणात धूळ खात पडली. कासम गॅरेजमध्ये काम करायचा. त्यानं ती उचलली आणि कितीतरी दिवस तिच्याखाली पाठीवर पडून काढले. गाडी चालू झाली ती नेमकी शेठनं घर सोडायला सांगितल्यावर. पहिल्या रविवारी जायचं की नाही, यावरच घरात वाद झाला.

"घर जातंय आणि आपण हवा खायला निघालो," कासम म्हणाला.

"घर गेलं की हवाच खायची आहे," जेनामा म्हणाली. "चल, सवय करू."

तर आम्ही निघालो. कासम आणि जेनामा पुढे, मी मागे, पडद्याआड. गाडी रांगेत उभी राहते न राहते तोच पायघोळ पांढरा कांझू घातलेला एक उंच म्हातारा शेगडीपासून उठला. म्झे अथुमानी, म्झे म्हणजे बुजुर्ग. तिथला सगळ्यात जुना मिश्काकीवाला. तो पुढच्या खिडकीकडे गेलाच नाही. सरळ मागच्या खिडकीशी आला, मान दुसरीकडे फिरवली आणि पडद्याच्या फटीतून एक ताटली माझ्या हातात दिली.

"घ्या बिबी. किती दिवसांनी! मला वाटलं माझ्यावर रागावलात."

मी काही म्हणायच्या आत तो परत गेलासुद्धा. ताटलीत बेसनाच्या पिठात तळलेले पिवळे बटाटे होते, वर चिंचेची चटणी. मी एक उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याखाली काहीतरी काळपट दिसलं.

"मा," मी म्हटलं, "याच्याखाली मांस आहे."

"कुठे?"

"बटाट्यांच्या खाली. लपवलंय."

जेनामानं मागे हात करून एक तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दुसऱ्याच्या हातची मिश्काकी ती अशीच खायची. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बकरी आहे," ती म्हणाली. "या अख्ख्या रस्त्यावर गाईचं सोडून कुणी काही भाजत नाही, आणि ही बकरी." मग पुन्हा चावली. चावली म्हणजे काय, जिभेनंच दाबली. "कच्च्या पपईत इतका वेळ ठेवलंय की दातच लागत नाहीत. मिरची नाही. आणि... थांब."

"काय?"

"लसूण नाही!" तिनं डोळे उघडले. "कांदा नाही, लसूण नाही. अरे, मांस खायचं आणि लसूण टाळायचा, असा प्राणी कोण आहे या गावात?"

कासमनं स्टिअरिंगवर थाप मारली. तो इतका हसला की शेजारच्या गाडीतले लोक बघायला लागले. "शेठ! मा, ही गाडी कुणाची होती? वल्लभदास शेठ! आपल्यापुढे नाकाला रुमाल लावतो आणि इथे पडद्यात बसून बकरी चापतो! आता बघ. आता मी वर जातो आणि विचारतो, शेठ, गाडी दिलीत, ताटली न्यायची राहिली."

"आज नाही जायचं."

"का? चंद्र दिसायला राहिलेत किती दिवस?"

"कारण वल्लभदासचे दात मी पाहिलेत," जेनामा म्हणाली. "तो ऊस दातानं सोलतो. हिरवी मिरची काकडीसारखी खातो. हे असलं विरघळलेलं, आळणी, त्याच्यासाठी नाही. दुसरंच कुणीतरी आहे. मला आधी कळू दे कोण ते."

तो आठवडा आम्ही दोघींनी तर्क करण्यात घालवला. सळ्यांना मांस लावताना मी एक नाव घ्यायची, ती खोडायची. शेठची बायको? ती तर गाडी घ्यायच्या आधीच वारलेली. पुतण्या? त्याला गाडीत बसायचं असतं ते पुढे, लोकांनी बघावं म्हणून. तो पडद्यात कशाला बसेल? ड्रायव्हर काझुंगू? त्याला लसणाचं काय वावडं? खरं सांगू, मी घर जाण्याची काळजी विसरले होते. मला फक्त ती ताटली कुणाची ते हवं होतं. माझ्या वयाला तेव्हा तेवढंच कळत होतं.

पुढच्या रविवारी म्झे अथुमानी ताटली घेऊन आला तशी जेनामानं पुढची खिडकी खाली केली.

"म्झे, इकडे या. हे कुणाचं खाणं आहे?"

"तुमचं."

"आमचं नाही. आम्ही गाडी विकत घेतली आहे."

म्हाताऱ्यानं गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मग मी दोन रविवार दुसऱ्याचं खाणं वाटतोय?"

"कोण यायचं या गाडीतून?"

"ते मी कसं सांगू, बाई? पडद्यात डोकावलो असतो तर इतकी वर्षं इथे टिकलो असतो का? ड्रायव्हर पुढे असायचा. तो म्हणाला होता, बकरी हवी, गाय कधीच नको, कांदा-लसूण नको, वर बटाटे रच. मी वेगळी सळई ठेवली त्यासाठी. गाईला कधी लावली नाही. तेवढं मी पाळतो."

"आणि कोण घ्यायचं ताटली?"

"हात यायचा बाहेर. म्हातारा हात, बांगडी नाही. मनगटापासून वर हिरवे ठिपके, असे, फुलासारखे."

जेनामानं खिडकी वर केली. गाडी मकुपाच्या चौकापर्यंत आली. मग ती हळूच म्हणाली, "गोंदण. रळियातबा."

रळियातबा म्हणजे शेठची आई. पांढरं लुगडं, हातात जपमाळ, दारात मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारी. काझुंगू तिला दर रविवारी समुद्राच्या हवेला न्यायचा, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. गाडी विकली, काझुंगू गेला, आणि बानं अन्न सोडलं. धूर कुठला पोटात बसतोय!

"हे तर आणखीनच झकास," कासम म्हणाला. "आता शेठला सांगितलं की..."

"की काय?" जेनामा इतक्या जोरात वळली की त्यानं गाडीच थांबवली. "शेगडी राहील. बरोबर. आणि ती म्हातारी? त्या घरात तिच्या हातचं पाणी घेईल कुणी? देवघरात पाऊल टाकू देतील? तू एक शब्द बोललास ना कासम, तर शेगडी मी स्वतः उचलून समुद्रात टाकीन."

"मग घर जाऊ द्यायचं?"

"मी तसं म्हटलं का?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वर गेली. आम्ही दाराबाहेरच्या बाकावर बसलो, कारण आत जायचा रिवाज नव्हता. रळियातबा झोपाळ्यावर होती. झोपाळा हलत नव्हता.

"शेठ," जेनामा म्हणाली, "शेगडीचं बोलायला नाही आले. बांना समुद्राची हवा बंद झाली तेव्हापासून त्या अशा झाल्या असतील. तुमची नवी गाडी पुतण्या फिरवतो. आमची रविवारी तिकडेच जाते. आमच्याबरोबर येऊ द्या."

शेठनं संशयानं पाहिलं. "यानं मी माझं बोलणं मागे घेणार नाही, जेनाबेन."

"नका घेऊ. म्हातारीला हवा तर खाऊ द्या."

झोपाळ्यावरून आवाज आला, अगदी बारीक. "कुठली गाडी?"

"तुमचीच, बा. राखी."

"पडदे आहेत अजून?"

"धुऊन ठेवलेत बा," मी म्हटलं. "लावते."

म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग जेनामाकडे. जेनामानं नुसती मान हलवली. झोपाळा थोडासा हलला.

रविवारी मी पडदे लावले. बाला जिन्यावरून हात धरून आणलं, मागे मध्ये बसवलं, एका बाजूला जेनामा, एका बाजूला मी. कासमनं चावी फिरवली, आणि तेवढ्यात पुढचं दार उघडून वल्लभदास शेठ आत बसला.

"चला. म्हटलं, मीही येतो. बघू तरी हवेनं काय फरक पडतो."

कासमनं आरशातून आईकडे पाहिलं. जेनामाचा हात बाच्या पाठीमागून माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला. म्झे अथुमानीला निरोप द्यायला वेळच नव्हता. गाडी दिसली की ताटली येणार, हे सूर्य मावळणार इतकं ठरलेलं.

पोचल्या पोचल्या जेनामानं खिडकी उघडली आणि ओरडली, "म्झे! आज फक्त शहाळी! ऐकलंत? शहाळी!"

पण पडद्याच्या फटीतून त्यानं ते गोंदण पाहिलं होतं. त्याचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. "बिबी आल्या आणि शहाळी? थट्टा करता काय!" धावत गेला, धावत आला, आणि ताटली बाच्या मांडीवर.

शेठ मागे वळला. "काय आहे गं बा?"

"बटाटे," बा म्हणाली.

"अरे वा. लहानपणी तू करायचीस तसे दिसतात." आणि त्यानं हात लांबवून दोन उचलले.

एक त्यानं तोंडात टाकला. दुसरा हातातच राहिला. जिथून उचलला होता तिथे सळईचं टोक दिसत होतं, आणि त्यावर जळक्या कडेचा तुकडा. मला दिसला, जेनामाला दिसला, शेठला दिसला. बा समोर बघत होती. तिनं ताटली झाकली नाही. नव्वदीला टेकलेली बाई, काय झाकणार?

बंदरात एक मोठं जहाज येत होतं. शेठ त्याच्याकडे बघत बसला. तोंडातला बटाटा त्यानं सावकाश चावून गिळला. मग हातातला दुसरा बटाटा परत ताटलीत ठेवला, बरोबर त्या जागी, आणि बोटानं जरा सरकवला.

"गार होईल, बा," तो म्हणाला. "खा."

आणि दार उघडून खाली उतरला. बड्या घरचा पुरुष त्या रस्त्यावर सहसा उतरत नसे. तो कठड्याशी गेला आणि गाड्यांकडे पाठ करून उभा राहिला. वाऱ्यानं त्याचं धोतर फडफडत होतं.

बा खायला लागली. आधी भीत भीत, मग भराभर. मध्येच थांबून जेनामाला म्हणाली, "मी लामू बेटावरची, जेना. मी रांगत होते तेव्हा आई गेली. शेजारची स्वाहिली बाई, मवानेशा, होती, तिनं स्वतःच्या मुलांबरोबर मला वाढवलं. मी चावायला शिकले ते तिच्या घरी. मग लग्न झालं, इकडे आले, आणि सगळं सोडलं. चांगली पन्नास-साठ वर्षं सोडलं. दात पडले, नवरा गेला. एक दिवस तो काझुंगू इथे गाडीला टेकून खात होता, आणि मी म्हटलं, मला दे." तिनं बोट चाटलं. "देवाला मी रोज सांगते. त्याला ठाऊक आहे. तुम्हालाच नव्हतं ठाऊक."

"आम्हाला अजून नाही ठाऊक," जेनामा म्हणाली.

ताटली रिकामी झाल्यावर कासमनं हळूच भोंगा वाजवला. शेठ परत आला. गाडी अर्ध्या रस्त्यात असताना तो पुढे बघतच बोलला.

"जेनाबेन, तो धूर. भिंत काळी पडते माझी. शेगडीच्या वर एक पत्रा ठोकून घ्या, म्हणजे झालं."

"पत्रा तुम्ही ठोका. भिंत तुमची आहे."

"शेगडी तुमची आहे!"

"शेगडी राहते आहे ना? मग ठोकते."

"राहते आहे म्हणूनच पत्रा सांगतोय ना!"

जेनामानं माझा हात सोडला. कासम शीळ घालायला लागला, आणि शेठ त्याला रागावला की गाडी चालवताना शीळ घालू नये, त्यानं घाट चुकतात. मोंबासात घाट कुठून आणायचा, हे कुणी विचारलं नाही.

त्या रमझानला आमच्या ओट्यापुढे नेहमीसारखीच रांग लागली. शेठ पुन्हा कधी आमच्याबरोबर समुद्रावर आला नाही. रविवारी संध्याकाळी बा वर पोचली की तो फक्त विचारायचा, "बटाटे बरे होते?" आणि ती म्हणायची, "बरे होते." तीन वर्षं ती आमच्या गाडीत येत होती. ती गेल्यावर म्झे अथुमानीनं ती वेगळी सळई कासमच्या हातात दिली, म्हणाला, आता ही दुसऱ्या कशाला लावू शकत नाही. जेनामानं ती वर नेऊन शेठला दिली. त्यानं ती घेतली. कुठे ठेवली, ते मात्र मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडस जेनामालाही झालं नाही.